लिंडनरच्या नावाने आंघोळ

स्वरूपा पाटणकरला राग लवकर यायचा नाही, पण एकदा आला की मुक्कामालाच यायचा. कराडला शाळेत असताना एका मैत्रिणीने तिचं चित्र स्वतःचं म्हणून बाईंना दाखवलं आणि बक्षीस मिळवलं. त्या मैत्रिणीच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा सगळा वर्ग जेवायला गेला, ही गेली नाही. "आमची ही डूख धरते बरं का," आई शेजारणीला सांगायची, "बापावर गेलीय." अशा मुलीच्या वाटेला जाऊ नये. पण ड्रेस्डेनच्या प्रोफेसर डीटमार लिंडनरला हे कोण सांगणार?

स्वरूपा ड्रेस्डेनला आली ती पीएचडीला. विषय काय, तर अमेरिकेतले पुएब्लो लोक आणि त्यांच्यावर राज्य करायला आलेले स्पॅनिश. कराडच्या मुलीने जर्मनीत बसून अमेरिकेतल्या आदिवासींवर लिहायचं म्हटल्यावर मावशीने कपाळाला हात लावला. "इथले विषय संपले का गं?" संपले नव्हते. पण हिचा जीव तिथे जडला त्याला कारण होतं.

न्यू मेक्सिकोत, रिओ ग्रांदे नदीच्या आसपास मातीची घरं बांधून, मका पिकवून राहणारी ही माणसं. स्पॅनिश आले, त्यांनी मका नेला, पांघरुणं नेली. आकोमा गावाने उलट हात उगारला तर तिथल्या पंचविशीच्या वरच्या पुरुषांना एकेक पाय तोडण्याची शिक्षा सुनावली. नाच बंद केले, देवांचे मुखवटे जाळले, गावच्या जाणत्या माणसांना चारचौघांत चाबकाने फोडलं. त्यांतला एक होता पोपे. पाठीवरचे वळ तो विसरला नाही. काही वर्षांनी त्याने गावोगाव धावणारे निरोपे पाठवले, त्यांच्या हातात गाठी मारलेल्या दोऱ्या. रोज सकाळी एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. सन सोळाशे ऐंशीमध्ये गावंच्या गावं उठली आणि स्पॅनिशांना पार हाकलून दिलं. बारा वर्षांनी ते परत आले, पण त्याआधी जे घडलं ते वाचताना स्वरूपा लायब्ररीत खुर्चीवरून उठून उभी राहिली.

त्या लोकांनी आंघोळ केली. नदीवर जाऊन, आमोले नावाच्या एका मुळीचा फेस काढून, डोक्यापासून पायापर्यंत अंग चोळून, पाद्र्यांनी ख्रिस्ती करताना दिलेला बाप्तिस्मा धुऊन टाकला.

"आई गं!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या जर्मन म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. कारण हे तिला घरचं होतं. तिच्या आत्याने दारुड्या भावाच्या, म्हणजे स्वरूपाच्या काकाच्या, नावाने आंघोळ केली होती, तो चांगला धडधाकट असताना. "मेला माझ्यापुरता," म्हणून भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. माणूस जिवंत असताना त्याचं सुतक संपवून टाकायचं! हे धागे धरून स्वरूपाने जुन्या स्पॅनिशमधले जबाब उकलले, शब्द न् शब्द लावला, आणि त्या आंघोळीवर एक प्रकरण लिहिलं. सहा वर्षांतलं तिचं सोनं म्हणजे ते प्रकरण.

विभागाच्या बैठकीत तिने ते वाचून दाखवलं. फेस कसा येतो हे सगळ्यांना दिसावं म्हणून आईने कराडहून पाठवलेले रिठे कुटून एका भांड्यात घोळले. आधीच सांगितलं, "आमोले इथे मिळत नाही, ही आमच्याकडची जवळची वस्तू आहे." लिंडनर मात्र नेहमीसारखा उशिरा आला. जर्मन असून उशिरा यायचा, तेवढं एक त्याचं आपल्यासारखं. त्याने फेस पाहिला, टाळ्या वाजवल्या, "वुंडरबार!" म्हणाला. उरलेल्या रिठ्यांची बरणी चहाच्या खोलीत राहिली आणि काही दिवसांनी तिथून नाहीशी झाली. कोणी तरी केसांना नेली असेल, असं स्वरूपाला वाटलं.

जर्मनीत पीएचडीच्या मार्गदर्शकाला डॉक्टरफाटर म्हणतात, म्हणजे डॉक्टर-बाप. बाप म्हणे! वर्षभराने या बापाने, म्हणजे लिंडनरने, शहरातल्या एका संग्रहालयात पुएब्लोंच्या उठावावर मोठं प्रदर्शन जाहीर केलं. त्याचा गाभा काय, तर बाप्तिस्मा धुणारी आंघोळ. छापील पुस्तिकेत लेख लिंडनरचा, वाक्यं स्वरूपाची. तिने लावलेले शब्द, तिने जोडलेले धागे, सगळं जसंच्या तसं. तिचं नाव? शेवटी बारीक अक्षरांत "सर्व सहकाऱ्यांचे आभार" होते, त्यात ती कुठे तरी असावी. आयत्या बिळावर नागोबा!

ती त्याच्या खोलीत गेली. रडायचं नाही असं ठरवून गेली होती आणि रडली नाही.

"फ्राऊ पाटणकर," तो हात चोळत म्हणाला, "संशोधन हे टीमवर्क असतं. आणि तुमच्यासाठी एक मान राखून ठेवलाय मी. पुएब्लोंच्या एक वृद्ध पाहुण्या येणार आहेत उद्घाटनाला. त्यांच्याशी पत्रव्यवहार तुम्हीच करा. त्या इंग्रजीत बोलतील, तुम्ही माइकवर जर्मनमध्ये सांगायचं. तुमच्याइतकं कुणाला जमणार?"

म्हणजे तिच्याच घरात चोरी करून वर तिलाच पाहुण्यांना पाणी द्यायला उभी करायची. स्वरूपा "गेर्ने" म्हणाली, आनंदाने, आणि दार हळू लावून बाहेर आली.

तिच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या खोलीत मयुरेश राहायचा, चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, पुण्याचा. तो म्हणाला, "अगं, विद्यापीठात ओम्बुड्सश्टेले असतं, अशा तक्रारींचं ऑफिस, तिथे तक्रार टाक. बरं, पुरावा आहे ना तुझ्याकडे?"

"तक्रार टाकली की काय होतं माहितीये? बंद खोलीत चार लोक बसतात, कॉफी पितात आणि गैरसमज झाला म्हणतात. मला त्याची जिरवायची आहे, मयुरेश. चारचौघांत. पोपेला जसं फोडलं तसं."

आईचं मत वेगळं. ती फोनवर म्हणाली, "त्या मेल्याच्या नावाने आंघोळ कर आणि मोकळी हो. दुसरीकडे नोकरी बघ."

"आधी जिरवते, मग आंघोळ."

कशी जिरवायची ते मात्र सुचत नव्हतं. मग प्रदर्शनाची मांडामांड चालू असताना ती भाषांतराच्या कामासाठी संग्रहालयात गेली, आणि देवच पावला. मधल्या मोठ्या काचपेटीत, वरून दिवा सोडलेला, तिची बरणी! कराडचे रिठे, तपकिरी, सुरकुतलेले. खाली पाटी, "आमोले, पुएब्लो लोकांची साबणमुळी. प्रोफेसर लिंडनर यांच्या संग्रहातून." गाढवाला मूळ आणि फळ यांतलाही फरक कळला नव्हता, आणि प्रोफेसरने दिलंय म्हटल्यावर बाकी कुणी तपासलं नव्हतं. स्वरूपाला हसू आवरेना. ती बाहेर येऊन एल्बे नदीच्या काठावरच्या बाकावर बसली आणि पोट धरून हसली.

"सांगून टाक ना त्यांना," मयुरेश म्हणाला.

"मुळीच नाही. ती बाई येऊ दे. काचेसमोर उभी राहू दे. ती बोलेल, आणि मी नुसतं भाषांतर करीन. माझा मान आहे तो."

त्या दिवशी तिने सुतळीला गाठी मारून ती स्वयंपाकघरात चहाच्या डब्यांवर टांगली. रोज सकाळी एक गाठ सोडायची आणि मग चहा. मयुरेश म्हणाला, "तू घाबरवतेस हां मला." ट्राममध्ये ती मनातल्या मनात जर्मन वाक्यं घोळवायची. लिंडनर भेटला की गोड हसायची. लोकांना वाटलं, पोरगी शहाणी झाली.

उद्घाटनाच्या सकाळी शेवटची गाठ सोडून तिने आईची जांभळी इरकल नेसली.

दालन भरलं होतं. पाहुण्या बेनिताबाई म्हणजे ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. हातात काठी, गळ्यात निळ्या खड्यांची माळ, तोंडावर प्रवासाचा शीण. लिंडनरचं भाषण झालं. मग त्याने बाईंना हाताला धरून मधल्या पेटीपाशी नेलं. माइक घेतलेली स्वरूपा बाजूला उभी.

बेनिताबाई वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे उघडता येईल?"

पेटी उघडली. त्यांनी एक रिठा घेतला, कानाशी धरून हलवला. आतली बी खुळखुळली. वास घेतला.

"हे आमचं नाही," त्या म्हणाल्या. "असलं झाड मी जन्मात पाहिलेलं नाही."

स्वरूपाने ते खणखणीत जर्मनमध्ये सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. दालनात कुजबुज सुटली. लिंडनर हसला, "काही तरी गोंधळ..." म्हणाला, आणि त्याचे कान लाल व्हायला लागले.

"मग हे कुणाचं आहे?" बेनिताबाईंनी विचारलं.

तिने हाही प्रश्न जर्मनमध्ये सांगितला, आणि मग माइक तोंडाशी तसाच ठेवून उत्तरही दिलं. "माझं. हे रिठे आहेत. भारतातून माझ्या आईने केस धुवायला पाठवलेले. मी बैठकीत फेस दाखवायला आणले होते, प्रोफेसर लिंडनर उशिरा आले, म्हणून त्यांना कळलं नाही. बरणी त्यांनी न विचारता नेली. लेखही तसाच नेला. त्या पुस्तिकेतलं आंघोळीचं प्रकरण माझं आहे."

अहाहा! पुढच्या रांगेतल्या वार्ताहराने फोन वर धरला. ज्या सहकाऱ्यांनी पुस्तिका पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, ते आता मान हलवत होते, "गेनाऊ, अगदी बरोबर, तिनेच ते वाचलं होतं, आम्ही होतो तिथे." संग्रहालयाच्या संचालकबाई तरातरा पुढे आल्या. लिंडनरकडे न बघता त्यांनी जाहीर केलं की पाटी बदलेल, पुस्तिका पुन्हा छापली जाईल आणि तिच्यावर फ्राऊ पाटणकर यांचं नाव असेल. टाळ्या पडल्या. लिंडनर त्या टाळ्यांमध्ये भिंतीला टेकून उभा होता, आणि स्वरूपा त्याच्याकडे डोळे भरून पाहत होती. असं सुख तिला कधी झालं नव्हतं.

"काय म्हणाल्या त्या?" बेनिताबाईंनी तिची बाही ओढली.

"माझं नाव लावणार आहेत. संशोधन माझं आहे ना."

"आमच्या आंघोळीवर तुझं नाव?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "ही बरणी तू कधी पाहिलीस?"

स्वरूपाने माइक खाली केला. मग म्हणाली, "मांडत होते तेव्हा. महिन्यापूर्वी."

"महिनाभर! मला पत्ते, विमानं, खोल्या सगळं तूच कळवत होतीस, पोरी. हे नाही कळवलंस. माझ्या लोकांच्या नावाखाली हे फळ इथे बसू दिलंस, मी एवढ्या लांबून येऊन सगळ्यांसमोर बोलावं म्हणून." त्यांनी रिठा बरणीत टाकला. "ती आंघोळ तुला कुठे सापडली, ते तुला माहीत आहे. आमच्या माणसाला कैद करून, शपथ घालून वदवून घेतलेला जबाब आहे तो. आम्ही तो कुणाला दिला नव्हता, घेतला गेला होता. हे काढायला सांग. फळ नव्हे. पेटी, पाटी, पुस्तिकेतलं प्रकरण, सगळं. त्यांना सांग."

आजूबाजूला गलका होता. दोघींचं बोलणं फक्त लिंडनरने ऐकलं. तो भिंतीपासून लगबगीने जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "फ्राऊ पाटणकर, नाही हं. तो प्रदर्शनाचा प्राण आहे. बाई थकल्यात, त्यांना विश्रांती हवी आहे एवढंच सांगा."

आणि स्वरूपाच्या ओठावर नेमकं तेच वाक्य आलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा बाप-लेकीचं एकमत झालं होतं. तिला शिसारी आली, त्याची आली की स्वतःची, ते तिला तेव्हा कळलं नाही.

तिने माइक उचलला. आणि पूर्ण सांगितलं. कैदी सांगितला, जबाब सांगितला, बरणीबद्दल आपण गप्प बसलो तेही सांगितलं. पेटी, पाटी, प्रकरण, सगळं काढा, असं पाहुण्या म्हणतात. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. संचालकबाईंनी लिहून घेतलं. बेनिताबाई काठी टेकत निघून गेल्या.

बरणी तेवढी तिला परत मिळाली. दुपारी घरी येऊन तिने त्यातलेच रिठे कुटले, पाण्यात उकळले, बादलीत ओतले. आईचा फोन आला.

"जिरवलीस का त्याची?"

"जिरवली. पुरती जिरवली."

"शाब्बास! मग आता कर आंघोळ त्याच्या नावाने."

"पाणी काढलंय." स्वरूपा बादलीपाशी बसली होती, अंगावर अजून इरकल. "आई, माझ्या नावाने केली तर चालेल?"

"शुभ बोल नाऱ्या!" आई कडाडली. "जिवंत माणूस स्वतःच्या नावाने आंघोळ करत नाही."

"मग काय करतो?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "मला काय माहीत बाई," आई म्हणाली, "पाणी गार होतंय बघ तुझं."