विसाव्या मिनिटाची थंडी

अंगात थंडी भरली की तुम्ही आधी काय करता? गोळी गिळता, हो ना? आमच्या घड्याळवाल्या काकांनीही तेच केलं आणि जीव टांगणीला लागला.

चौकातल्या जिन्याखाली, डोळ्याला भिंग लावून बसणारे हे काका. चाळीस वर्षांत त्यांनी एक वायदा चुकवला नाही. उशिरा येणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडून बोलणी खाऊनच परत जायचं. कॅन्सर झाला तेव्हा केमोच्या तारखाही त्यांनी तशाच हट्टाने धरल्या. दंडातून एक बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत घातली होती. औषध तिच्यातून जायचं आणि मधूनमधून ती सलाइनने धुवावी लागायची.

त्या सोमवारी नळी धुतली आणि काकांचे दात वाजायला लागले. गुरुवारी केमो. ताप दिसला तर तारीख पुढे ढकलणार! त्यांनी गुपचूप तापाची गोळी घेतली. बुधवारी पुन्हा नळी धुतली, पुन्हा थंडी, पुन्हा गोळी. उशीखालचं पाकीट काकूंच्या हाती लागलं, तशी त्यांनी शेजारून मला हाक मारली. आम्ही काकांना धरून इस्पितळात, तातडीच्या खोलीत नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी थर्मामीटर पाहिला. "ताप नाही. नळीपाशी लाली नाही, पू नाही. घरी न्या."

माझं टाळकं सरकलं. "डॉक्टर, केमो चालू आहे. आधी पांढऱ्या पेशी मोजा. लाली यायला, पू व्हायला आत लढणारं कुणी नको का?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पेशंटांबरोबर तीन वर्षं ह्याच बाकावर बसून शिकलेय."

काका मान खाली घालून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. ओठ पांढरे पडलेले. काकू कडाडल्या, "अहो, जगाच्या घड्याळांना किल्ली दिलीत, आता तुमच्या तोंडाला कोण देणार?"

काका पुटपुटले, "सोमवारी नळी धुतल्यावर विसाव्या मिनिटाला थंडी. आजही विसाव्याच. गोळी एक वाजता घेतली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. ताप गोळीने दडला होता आणि थंडी नळीतूनच येत होती. मग मात्र कुणी बसलं नाही. जंतू वाढतात का बघायला एक छोटी बाटली रक्त नळीतून, एक दुसऱ्या हातातून घेतलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. तोवर रक्तदाब घसरायला लागला होता, काका ग्लानीत गेले. पांढऱ्या पेशी निघाल्या फक्त चारशे; हव्यात चार हजारांवर. तो बुधवार आणि गुरुवार काकूंनी पाण्याचा घोट घेतला नाही.

जंतू दोन्ही बाटल्यांत वाढले, पण नळीच्या बाटलीत अडीच तास आधी. म्हणजे त्यांचं घर नळीतच होतं. नळी काढून टाकली. डोळे उघडल्यावर हे ऐकून काका म्हणाले, "अडीच तास पुढे? असलं घड्याळ मी हातात घालू दिलं नसतं."

सहाव्या दिवशी नळीची जागा लाल होऊन सुजली. काकूंनी धावत जाऊन सिस्टरना बोलावलं. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर बघतीलच, पण पेशी वाढल्यात काकू. परवापर्यंत तिथे भांडायलाच कुणी नव्हतं."

"उशिरा आले लेकाचे," काका म्हणाले.

केमो तीन आठवडे पुढे गेली. काका अजून त्यावरून फुगून आहेत. फुगू देत, आहेत ना!

तुमच्या घरी कुणाला अशी नळी असेल तर माझं एवढं ऐका. नळी धुतल्यावर थंडी वाजली की गोळी घेऊ नका. ताप मोजा, वेळ लिहा, आणि ताप दिसो न दिसो, त्याच पावली इस्पितळ गाठा. तारीख चुकली तर खुशाल चुकू द्या.