तो फोन मोडेमने उचलला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि मी कसा — साधी भाजी आणायला गेलो तरी तासभर रंगवून सांगणारा! पण हे सांगायचं म्हटलं की अजूनही विषय बदलतो.

नव्वदच्या दशकात डोंबिवलीच्या घरात मी स्वतःचा सर्व्हर चालवायचो. काय थाट होता! एक संगणक, त्याला फोनलाइनशी जोडणारा एक मोडेम आणि घरचा फोन. ठाण्या-कल्याणची पोरं आपापल्या संगणकावरून आमचा नंबर फिरवायची. मोडेम फोन उचलून कर्कश किंचाळायचा, की पोरं आत! निरोप, गेम, भांडणं — आणि मी त्या दरबाराचा राजा.

फोन मात्र माझा एकट्याचा होता का? अख्ख्या बिल्डिंगने आमचाच नंबर पीपी म्हणून, म्हणजे शेजाऱ्यांकडचा निरोपाचा नंबर म्हणून, नातेवाइकांना दिलेला. म्हणून आईची सक्त ताकीद — दिवसा मोडेम बंद.

तळमजल्यावरच्या सुमनकाकूंचे यजमान ठाण्याला इस्पितळात होते. भाचा त्यांच्यापाशी होता, काकू आंघोळ-स्वयंपाकापुरत्या घरी आलेल्या. "फोन आला तर हाक मार हं, राजा. लगेच निघेन." मी मान डोलावली. मग आई बाहेर गेली आणि मी — काय सांगू — मोडेम लावला. एका पोराकडून नवा गेम येणार होता. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून फोनची घंटीही बंद केली.

संध्याकाळी भाचा आला. काका गेले होते. दुपारभर काकूंना बोलवा म्हणत होते. "कितीदा फोन लावला, मामी! लागायचा, आणि कोणीतरी कानात किंचाळायचं गं!"

आणि हे माझं वाचाळ तोंड म्हणालं, "क्रॉस कनेक्शन असेल. लाइन सकाळपासून खराबच आहे."

भाचा माझ्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "त्याला नको रे बोलूस. पोरगं दिवसभर माझ्यासाठी फोनपाशी बसलंय."

काकू आता कल्याणला मुलीकडे असतात. मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं की वाटतं — आज विचारतील?

लाइन चांगली होती. भाच्याचा प्रत्येक फोन मोडेमने उचलला. दर वेळी पडद्यावर उमटायचं, जोडणी झाली नाही. मी समोरच बसलो होतो. कोण हा गाढव, ज्याला साधा मोडेम लावता येत नाही, म्हणून — मी हसत होतो.