घोंगडीवरचे सुताचे चेंडू

मुलांनो, तुमच्या धाकट्या भावाचे डोळे तिथल्या डॉक्टरांनी खेळणी हलवून, चित्रं दाखवून तपासले, असं तुमच्या आईनं कळवलं. वाचून मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. राग जुना आहे. क्रमानं सांगते: आधी जागा, मग माणसं, मग काय झालं ते.

जागा परळची. एका इस्पितळात लहान मुलांचे डोळे तपासण्याचा विभाग होता. मी बी. ए. होऊन तिथं नुकतीच लागले होते आणि गिरगावातून ट्रामनं जात असे. काम एवढंच, की डॉक्टर सांगतील ते केसपेपरवर इंग्रजीत लिहायचं. ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. इस्पितळाच्या कुंपणावरसुद्धा कुणीतरी चुन्यानं 'झालाच पाहिजे' लिहून ठेवलं होतं.

एके दिवशी भोईवाड्यातली एक आजी अडीच वर्षांच्या नातीला घेऊन आली. कोकणातलं माणूस, मुलगा गिरणीत. पोरीचे डोळे आले होते, तेवढ्यापुरतं औषध हवं होतं. पण मला दिसलं, की तिचा उजवा डोळा नाकाकडे वळलेला आहे. मोठ्या डॉक्टरांनीही ते पाहिलं. त्यांनी तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला. पोर गप्प. डावा झाकला, तशी ती किंचाळली आणि हात ढकलू लागली. पुन्हा उजवा, पुन्हा गप्प. पुन्हा डावा, पुन्हा आरडाओरडा.

"हट्टी आहे," डॉक्टर म्हणाले. "लिहा, मूल सहकार्य करत नाही. अक्षरं ओळखायला लागली की आणा."

नजर तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं इंग्रजी. ती ओळखायला पोरीला आणखी किती वर्षं लागली असती? विभागाच्या कपाटातलं एक इंग्रजी पुस्तक मी रिकाम्या वेळात वाचत असे. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की वळलेला डोळा लहानपणीच कामाला लावला नाही, तर पुढं त्याची नजर परत येत नाही. मी केसपेपरवर लिहिलं: उजवा झाकल्यास तक्रार नाही, डावा झाकल्यास रडते, दोनदा पाहिलं.

डॉक्टरांनी कागद वाचला. "बाई, तुम्ही लिहायला आहात की तपासायला?"

"दिसलं ते लिहिलं. ती रडली हेच तिचं उत्तर आहे, सर."

"असं? मग पुढच्या आठवड्यात सिद्ध करा."

बाहेर आजी माझ्यावरच उखडली. "आमच्या चेडवाक काय झाला नाय. असो डोळो भाग्याचो असता. ही जन्माक इली नि हिचो बापूस गिरणीत कायम झालो. तुका काय कळता गो?"

मी तिला म्हटलं, "भाग्य राहू दे. पण त्या डोळ्यानं तिला दिसतं की नाही, हे बघायला नको?" आजी पोरीला कडेवर घेऊन तरातरा निघून गेली. पण पुढच्या आठवड्यात आली.

अक्षरं न येणाऱ्या मुलांची नजर तपासायला पुस्तकात लहानमोठे हस्तिदंती चेंडू सांगितले होते. आमच्याकडे कुठले हस्तिदंती? मी शेजारच्या मुलांच्या गोट्या नेल्या. आजीनं मागून हातानं डोळा झाकायचा. आजीचा हात पोरीला चालत असे. मी फरशीवर गोटी सोडायची आणि तिनं ती आणायची. उजवा झाकला काय नि डावा झाकला काय, तिनं प्रत्येक गोटी आणली! मोठे डॉक्टर हसले. "झालं समाधान?" माझे कान तापले.

आजी मात्र हसली नाही. गोटी फरशीवर घरंगळत गेली, की पोर मान कलती करते, हे तिनं पाहिलं होतं. "अगो बाय," ती हळूच म्हणाली, "ही आवाजार जाता. घरातसुदा बापाशीची पावलां आधी हिकाच कळतत."

चूक माझी होती. मी डोळ्यांची परीक्षा घ्यायला गेले आणि कानांची घेतली. आजीनंच वाट काढली. तिची सून गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिथलं वाया गेलेलं पांढरं सूत आणून आजीनं घट्ट चेंडू केले: लिंबाएवढा, सुपारीएवढा, वाटाण्याएवढा, मिरीएवढा. आणि अंथरायला काळी घोंगडी. तिच्यावर चेंडूचा आवाज होत नाही.

पण डॉक्टर पुन्हा वेळ देईनात. रोज शंभर मुलं, कुठून देणार? मग संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ आला. ट्राम बंद, दुकानं बंद. मी गिरगावातून परळपर्यंत चालत गेले. विभागात एकही पेशंट नव्हता, आणि डॉक्टर खुर्चीत जांभया देत होते. मी भोईवाड्यात जाऊन आजीला आणि नातीला घेऊन आले आणि डॉक्टरांच्या समोरच घोंगडी अंथरली.

"आज संप ना, बाई?"

"मुलीच्या डोळ्याचा संप पुष्कळ दिवस चाललाय, सर."

आजीनं उजवा डोळा झाकला. पोरीनं मिरीएवढासुद्धा चेंडू धावत जाऊन आणला. मग डावा झाकला. लिंबाएवढा चेंडू चार हातांवरून गेला. तिनं घोंगडी चाचपली, रिकामी मूठ उघडून पाहिली आणि रडायला लागली. डॉक्टर उठले. स्वतः गुडघ्यांवर बसून त्यांनी सगळे चेंडू परत एकदा सोडले.

उठताना ते म्हणाले, "म्हणजे आता चष्माही झालाच पाहिजे म्हणा!"

"हो. झालाच पाहिजे."

चष्मा आला, नाडीनं डोक्यामागे बांधायचा. शिवाय रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. केसपेपरवर परवानगीशिवाय शेरा लिहिल्याबद्दल मलाही मेमो आला. मी उत्तर दिलं, की पुन्हा दिसलं तर पुन्हा लिहीन. मला नावनोंदणीच्या खिडकीवर बसवलं.

चाळीत आजीची खूप थट्टा झाली. धडधाकट डोळा बांधून आजारी उघडा ठेवणारी म्हातारी! आजी गॅलरीतूनच ओरडून सांगे, "चांगल्याक सुट्टी दिलंय, आळशाक कामाक लावलंय! तुमची घरां बघा!"

तीन-चार महिन्यांनी ती माझ्या खिडकीशी आली. पदराची गाठ सोडून तिनं एक तांदळातला खडा समोर ठेवला, राईएवढा. "हो बघ. पट्टी बांधलेली असताना सुपातसून तिनाच काढल्यान."

रांग तशीच सोडून मी आत गेले आणि खडा मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. काय झालं ते सांगितलं. त्यांनी आपला चष्मा काढून पुसला, परत लावला आणि बराच वेळ खडा पाहिला.

"पट्टी चालू ठेवा," ते म्हणाले. "आणि कुठल्या डोळ्यावर ते आजीला नीट समजावून सांगा."

"ते तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं समजलंय," मी म्हणाले, आणि खिडकीवर परत गेले.