कललेल्या होडीत मोजलेलं तेल

नव्याण्णवच्या सुमारास पालीला माझं मोटार गॅरेज होतं, आणि कोल्हापूर रस्त्यावर माझ्याएवढं इंजिन कोणालाच कळत नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस मीच.

किनाऱ्यावरच्या नाटे गावचे एक चाचा माझ्याकडे आले. उभा जन्म समुद्रावर गेलेला माणूस. त्यांच्या होडीचं इंजिन बाद झालं होतं. माझ्या आवारात अपघातातल्या टॅक्सीचं डिझेल इंजिन पडून होतं, ते होडीत चालेल का? "न चालायला काय झालं!" मी म्हणालो. होडीत भागीदार असलेल्या त्यांच्या धाकट्या भावाला हे मुळीच पटलं नव्हतं. "मोटारीचं इंजिन मोटारीत," तो म्हणायचा. चाचांनी त्याच्यापुढे माझी हमी दिली. मासेमारी सुरू व्हायला आठवडा उरला होता.

गाडीला वारा लागतो, रेडिएटर गार होतो. होडीत तसा वारा कुठला? खारं पाणी थेट इंजिनात सोडलं तर ते आतून गंजून जाणार. म्हणून मी इंजिनाचं गोडं पाणी तांब्याच्या नळीतून होडीच्या बुडाखाली फिरवून आणलं; बाहेरून समुद्र नळीला गार ठेवणार. या अकलेवर मी इतका खूश होतो की बघायला येईल त्याला ती समजावून सांगायचो, आणि न येणाऱ्याला बोलावून आणायचो.

वंगणाच्या तेलाकडे मात्र जाता जाता बघितलं. ओहोटीला होडी रेतीत एका कुशीवर कलली होती. मी तेल मोजायची पट्टी काढली, तेल खुणेपर्यंत होतं, पट्टी पुसून परत खोचली. गाडी उतारावर असताना तेल मोजू नये, हे मीच गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचो.

भरतीला चाचा आणि मी इंजिन चालवून बघायला निघालो. होडी सरळ झाली तसं तेल खुणेच्या बरंच खाली गेलं. खाडीच्या तोंडाशी लाटेवर होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललं की होतं तेवढं तेलही मागे पळायचं आणि पंप हवा ओढायचा. तेलाच्या दाबाचा काटा सारखा पडत होता. मी काचेवर टिचकी मारली, "काटा खराब आहे" म्हणालो आणि चाचांना पाण्याच्या उष्णतेचा काटा दाखवला. बघा, कसं थंडगार! तेवढ्यात आतून खडखड सुरू झाली. चाचांनीच हात घालून इंजिन बंद केलं.

"सकाळी होडी कलती होती तवा तू तेल बघितलंस," वल्हं काढत ते शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, तू मिस्त्री, तुला म्हायती आसंल."

मी दुसरं वल्हं उचललं. वल्ही मारत परत आलो. बेअरिंग गेली होती. हंगामाचे पहिले दिवस होडी किनाऱ्यावरच राहणार, हे दोघांनाही कळलं होतं. धक्क्यावर भाऊ उभाच होता.

"काय झालं?"

"तेल घालायचं माझ्याकडनं रायलं," चाचा म्हणाले.

भाऊ चारचौघांत त्यांना नको नको ते बोलला. चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. एरवी माझं तोंड कोणाला बंद करता येत नसे. मी खाली वाकलो आणि आधीच नीट गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा गुंडाळत बसलो.