मास्तरांच्या नावाचे सूत्र

तुळशीराम मास्तर साखरखेर्ड्याला, आपल्या गावी वारले. बातमी आली त्याच आठवड्यात आमच्या खामगावच्या शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तर गहिवरून म्हणाले, "बाजू बदलली की चिन्ह बदलते, हे सूत्र ही मास्तरांची देणगी. त्यांच्या नावासह ते नववीच्या भिंतीवर रंगवून घेऊ." टाळ्या पडल्या... शोकसभेत टाळ्या! मला किळस आली. हा शब्द मी सहसा वापरत नाही. हा राग आहे की जुना आकस, हेही मनाला विचारून पाहिले. पण दुसरा शब्द सापडत नाही.

कारण त्या सूत्राचाच मास्तरांना तिटकारा होता. आम्ही दोघेही बीजगणित शिकवत असू. वर्गांमध्ये केवळ एक लाकडी पडदी. समीकरण सोडवताना कोणी 'तीन पलीकडे नेला' म्हणाला की मास्तरांचा आवाज माझ्या वर्गात ऐकू येई, "नेला? काऊन बे, त्याले पाय हायेत का? दोन्हीकडून तीन काढले म्हन!" मग दोन्ही वर्ग हसत.

एकदा मास्तर रजेवर असताना हेडमास्तरांनी त्यांच्या वर्गाकडून ते सूत्र घोकून घेतले. पुढे परीक्षेत मास्तरांनी विचारले : क्ष अधिक तीन हे सातपेक्षा लहान, तर क्ष किती? साऱ्या वर्गाने लिहिले, क्ष चारपेक्षा मोठा. तीन पलीकडे गेला, अधिकाचा उणे झाला, इथवर ठीक. पण 'लहान' दाखवणारी खूणही आपल्या भाषेत चिन्हच. मुलांनी तीही फिरवली. क्षच्या जागी पाच ठेवा, आठ होतात; आठ काही सातपेक्षा लहान नव्हेत.

मास्तरांनी त्या प्रश्नाला कोणालाच गुण दिले नाहीत. नागपूरहून इन्स्पेक्टर यायचे होते. "उत्तर बरोबर धरा," हेडमास्तर म्हणाले.

"साहेब आले म्हनून आठ सातापेक्षा लहान होतीन का, हेडमास्तर?"

बीजगणित त्यांच्याकडून गेले. पाचवीचे शुद्धलेखन मिळाले. "मले-तुले म्हणणाऱ्याला शुद्धलेखन!" असे म्हणून शिक्षकांच्या खोलीत हशा पिकवला गेला. हसणाऱ्यांत मी नव्हतो; बोलणाऱ्यांतही नव्हतो. त्या किळसेत माझाही वाटा आहे. मास्तर मात्र निवृत्त होईपर्यंत त्याच वर्गावर राहिले.

रंगारी आला त्या दिवशी मी हेडमास्तरांना म्हणालो, "सूत्र आपले आहे, आपले नाव घालावे. मास्तरांचे नको."

"गेलेल्या माणसाचा मान ठेवा जरा!"

"तोच ठेवतो आहे."

रंगाऱ्याने ओला ब्रश तसाच धरून आम्हा दोघांकडे पाहिले. "मंग नाव कोनाचं टाकू, साहेब?"

सूत्र भिंतीवर आहे, बिननावाचे.

पुढच्या सोमवारी पाचवीचे शुद्धलेखन माझ्याकडे आले. खोली जिनिंगच्या बाजूची. सरकीचा वास, टेबलावर कापसाची लव. खुर्चीचा एक पाय आखूड आहे. त्याखाली मास्तरांनी खापराचा तुकडा घासून, अगदी मापाचा करून ठेवला आहे... मी बसलो. खुर्ची हलली नाही.