थंडीचा आकडा

जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. ठरलेली रक्कम अडीच हजार रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको आणि खिशाला पेनाऐवजी थर्मामीटर अडकवलेले एक गृहस्थ. नागपुरात, मनीषनगरच्या आमच्या भागात त्यांना सगळे ‘पंचेचाळीस’ म्हणत. कुणाचाही कॉम्प्युटर दुरुस्त झाला की ते म्हणायचे, “आता तर चालून राहिला. पंचेचाळीस डिग्रीत चालते का, ते मेमध्ये पाहू.” तोवर ते काम त्यांच्या लेखी कच्चं असे आणि तोवर ते पैसेही घेत नसत.

पैसे न घेणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. त्यात काम असं, की डोळ्यांनी दिसणार काही नाही. माझी बायको बिल्डर लोकांसाठी, अजून न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर करून देते. मशीन पाच वर्षांचं झालं होतं. एकेका चित्राला पंचेचाळीस मिनिटं लागत. नवीन घेणं परवडणारं नव्हतं. तेव्हा कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या थोडं पुढे प्रोसेसर आणि रॅम पळवायचं ठरलं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मशीन न जाळता ते करणारा एकच माणूस आहे, असं तिला तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं.

त्यांनी मशीनचं झाकण काढलं, पण आत हात घालण्याआधी मी आतल्या प्रत्येक भागाचा फोटो काढला आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्यांवरचे नंबर वहीत उतरवले. भाग बदलल्याच्या गोष्टी मी ऐकून होतो. त्यांनी ते पाहिलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर तेच नंबर होते, मी फोटो काढत होतो तेवढ्यात त्यांनी उतरवलेले.

“बरोबर केलं, भाऊ,” ते म्हणाले. “मीही लिहितो. लोक नंतर म्हणतात, पंचेचाळीसने पट्टी पळवली.”

माझा संशय कमी झाला नाही. इतकी तयारी कोण ठेवतो?

त्यांचा स्वतःचा संशय मात्र माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचा होता. माणसांवर नव्हे, आकड्यांवर. पॉवर सप्लायवर साडेसहाशे वॅट छापलेलं होतं. त्यांनी तो हातात तोलला आणि बायकोला म्हणाले, “वहिनी, पीठ मोजायचा काटा आहे का?” काट्यावर तो नऊशे ग्रॅम भरला. “एवढ्या हलक्यात साडेसहाशे? मले नाही पटून राहिलं.” नवीन घ्यावा लागेल म्हणाले. आता हे एखाद्या दुकानाचं नाव सांगतील आणि तिथे यांचं कमिशन असेल, या तयारीत मी बसलो होतो. ते म्हणाले, “कुठूनही घ्या. दुकान मले सांगू नका.” मी तासाभरात नवीन घेऊन आलो.

पहिलं काम त्यांनी वेगाचं केलंच नाही. आधी बायकोच्या सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढायला लावली आणि दर शुक्रवारी ती नवीन करायची अट घातली. मग पंख्यांवरची धूळ काढली, प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पण आता वाळलेली पेस्ट बदलली. त्यानंतर एका वेळी एकच आकडा बदलायचा, तासभर मशीनला पूर्ण जोर लावायचा, तापमान लिहायचं आणि मगच पुढची पायरी. प्रोसेसरचा वेग ३.६ गिगाहर्ट्झ होता. ४.३ वर मशीन गपकन बंद पडलं. “काय गा, दमला का?” असं मशीनलाच विचारून त्यांनी दोन पायऱ्या खाली येऊन ४.१ ठेवला. “व्होल्टेज वाढवलं तर अजून पळेल. पण मग किती वर्षं टिकेल, ते मी सांगू शकत नाही. जे सांगू शकत नाही ते करत नाही.”

रॅमला पुढचा सबंध रविवार गेला. ती २६६६ वर होती, त्यांनी ३२०० केली आणि टेस्ट लावून दिली. सातव्या तासाला पडद्यावर एक चूक उमटली.

“एकच ना?” मी म्हणालो.

“तुमच्या बेरजेत एकच आकडा चुकला तर चालते का, भाऊ?”

मी ती चूक वहीत लिहून ठेवली.

“बंद पडणारी मशीन इमानदार असते,” ते म्हणाले. “चुकून चालत राहते, ती चोर.” त्यांनी रॅम २९३३ वर आणली आणि टेस्ट पुन्हा पहिल्यापासून लावली.

जाताना मशीनमध्ये त्यांनी दोन सेटिंग्ज जतन करून दिल्या, एक थंडीची आणि एक मेची. मेच्या सेटिंगमध्ये प्रोसेसर ३.९ आणि रॅम मूळच्या जागी. हिशेब सोपा होता: खोली वीस डिग्रीने तापली की प्रोसेसरही तितकाच तापतो. एकतीस मार्चला थंडीची काढून मेची लावायची, हे त्यांनी मला करून दाखवलं. आत एक छोटा डिजिटल थर्मामीटरही चिकटवला. मेमध्ये पास झालं तर अडीच हजार, नाही तर काही नाही.

असं काहून, म्हणून बायकोने एकदा विचारलं. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं विजेची पॅनलं तपासली होती. “डिसेंबरात एक पॅनल पास केलं, वहिनी. मेमध्ये ते पेटलं. समोरच्या ऑपरेटरचा हात भाजला. सही माझी होती.” एवढंच बोलून ते चहा प्यायले.

मे आला. बायकोला एका बिल्डरच्या फ्लॅट स्कीमचं मोठं काम मिळालं. साठ चित्रं, तारीख पक्की, वेळेत दिली तर पुढचंही काम तिलाच. मी घड्याळ लावून बसलो. थंडीच्या सेटिंगवर एक चित्र अडतीस मिनिटांत होत होतं, मेच्या सेटिंगवर बेचाळीस लागत होती. चार मिनिटं गुणिले साठ, म्हणजे चार तास. मला वाटलं, हा माणूस मुद्दाम चार मिनिटं दाबून बसला आहे. मेअखेर येईल, आकडा वाढवील आणि काम केल्याचं दाखवील. आमच्या खोलीत कुलर होता, खोली तेहतीसच्या वर जात नव्हती. मंगळवारी दुपारी, बायको जेवायला उठली असताना, मी थंडीची सेटिंग लावली. अर्धा तास पाहिलं. काही झालं नाही. तिला सांगितलं नाही.

चार वाजता कुलरचं पाणी संपलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मशीन बंद पडलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा चालू झालं तेव्हा मुख्य फाइल उघडेना. शुक्रवारची प्रत होती म्हणून सगळं बुडालं नाही, पण चार दिवसांचं काम गेलं. ती पाणी भरायला गेली तेवढ्यात मी मेची सेटिंग परत लावली.

“काकांनी काय करून ठेवलं हे!” ती म्हणाली. “आणि मी सगळ्या जणींले त्यांचंच नाव सांगत होती.”

तिने दिवसाचे सोळा तास बसून ते काम पुन्हा केलं आणि शेवटच्या दिवशी दिलं. त्या दिवसांत तिने दोन मैत्रिणींना फोन करून पंचेचाळीसना बोलावू नका म्हणून सांगितलं. दोन्ही फोन मी ऐकले.

मेच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीनला ते आले. बाहेर तापमान पंचेचाळीस डिग्री होतं. त्यांनी कुलर बंद करायला लावला. बायकोने चार दिवसांचं काम बुडाल्याचं त्यांना सुनावलं, पाणी विचारलं नाही. नागपुरात मेच्या दुपारी दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

त्यांनी आधी सेटिंग पाहिली, ती मेचीच होती; मग मशीन उघडून आतल्या थर्मामीटरचं बटण दाबलं. आजवरचा सर्वांत मोठा आकडा त्यात साठून राहत असे.

“मेच्या सेटिंगवर हा आकडा येतच नाही,” ते म्हणाले. “कोणी तरी थंडीचा आकडा लावला. आणि काढलाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. थर्मामीटर पुसत म्हणाले, “नाही तर माझंच काही चुकलं असेल. पैसे राहू द्या. मी नापास लिहितो.”

त्यांनी खरोखर पेन मागितलं.

“मी लावला होता,” मी म्हणालो. “मंगळवारी. चार मिनिटांसाठी.”

बायको म्हणाली, “अन् मी काकांले पाणीबी नाही विचारलं.” ती आत गेली, माठातलं पाणी घेऊन आली. आमच्यासमोर बसून तिने त्या दोन्ही मैत्रिणींना फोन केले आणि चूक कुणाची ते नावानिशी सांगितलं.

टेस्ट तीन तास चालली. आम्ही तिघे घामाने निथळत बसलो. एकही चूक आली नाही. त्यांनी कागदावर ‘पास’ लिहून सही केली.

जूनमध्ये ते मुलीकडे बेंगळुरूला कायमचे गेले. “तिथं गरमीच नाही,” टेस्टच्या संध्याकाळीच म्हणाले होते, “माझ्या सहीले काय किंमत राहील?” खिशातला थर्मामीटर त्यांनी तेव्हाच आमच्या टेबलावर ठेवला. तो अजून तिथेच आहे.

त्याच संध्याकाळी मी अडीच हजार त्यांच्यापुढे धरले. त्यांनी हात मागे घेतला.

“मे महिन्यातली तपासणी तर तुम्हीच केली, भाऊ, माझ्या अगोदर. चार दिवस वहिनीचे गेले. तिले द्या.”

मी दिले. रक्कम अडीच हजार रुपये, घेणारी माझी बायको, साक्षीदार पंचेचाळीस. तिने ते दोनदा मोजून घेतले. त्याआधी लग्नाच्या सव्वीस वर्षांत माझ्या हातचे पैसे तिने कधी मोजले नव्हते.