नागेवाल्यांची बैठक

"शपथ माझी पाठ आहे. म्हणून दाखवू?" असं विचारून नरहररावांनी ती खरोखरच म्हणून दाखवली. 'आजन्म मद्यास स्पर्श करणार नाही' इथवर आले तेव्हा तोंडाला शिंदीचा आंबूस वास येत होता.

मी मद्यनिषेध मंडळाचा पगारी प्रचारक. आमच्या कामात 'शपथसभा' असते. पिणारे जमवायचे, भाषण ठोकायचं, पत्रकं वाटायची आणि हात वर करायला लावून आजन्म न पिण्याची शपथ द्यायची. मग इतके लोक मुक्त झाले असा रिपोर्ट सेक्रेटरींकडे. नरहरराव आमच्या रिपोर्टात अनेकदा मुक्त झाले होते.

या वेळी मात्र नोकरीवर आलं होतं. संस्थान संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वर्ष होत आलेलं. जुन्या सरकारातल्या नोकरांपैकी कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं, याची छाननी चालू होती. नरहरराव आबकारीत कारकून. आबकारी म्हणजे दारू आणि शिंदीवरचा कर गोळा करणारं खातं. लोकांनी प्यायल्याशिवाय ज्या खात्याचा पगार निघत नाही, ते खातं पिणाऱ्या कारकुनाला काढणार! या ढोंगावर मी एक पत्रक लिहिलं होतं. मंडळानं छापलं नाही.

नवे साहेब मुंबईकडून आलेले. पुन्हा पिऊन आलात तर नोकरीत ठेवण्यासाठी नाव वर जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. नरहररावांच्या पत्नी सुशीलाबाई मंडळात आल्या. मी पत्रक पुढे केलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"भाषण नको, भाऊ. त्यांना बसायला दुसरी माणसं शोधून द्या."

मी शोधायला लागलो. अफझलगंजमध्ये व्यसनमुक्तीचा सत्संग भरतो असं कळलं. नरहररावांना घेऊन गेलो. चहा होता, हार होते, आणि प्रत्येकाला आपलं नाव, पत्ता आणि रोज किती पितो ते मोठ्यानं सांगायला लावत होते. इतकी चौकशी कशाला? चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, खर्च सगळा गुत्तेदारसाहेबांचा. गुत्तेदार म्हणजे शिंदीचा ठेका घेतलेला माणूस. आपली गिऱ्हाइकं हा नावानिशी मोजून घेत होता. मी नरहररावांना हात धरून बाहेर काढलं.

मग नल्लकुंट्यातल्या एका वकिलांचं नाव कुणीतरी कानात सांगितलं. कानात का, हा माझा पहिला प्रश्न. दिवेलागणीला आम्ही दोघं त्यांच्या घरामागच्या खोलीत पोचलो तर पडदे ओढलेले. माणसं एकेक करून येत होती आणि चपला आत घेऊन जात होती. त्या दिवसांत बंद दाराआड चारजण बसले तरी पोलीस विचारायला यायचे. मला वाटलं, एक तर हे भूमिगत आहेत, नाहीतर पिणारे.

आत अध्यक्ष नाही, ठराव नाही. एकजण म्हणाला, "आज नागा." दुसरा म्हणाला, "माझा पण नागा." वकीलसाहेबही म्हणाले, "नागा."

नागा म्हणजे खाडा. कामावर न येणं. म्हणजे हे आज प्यायचे चुकले, उद्या भरून काढणार! मी उठून उभा राहिलो आणि शपथ कुठे आहे म्हणून विचारलं.

"हौला आहेस का रे?" वकीलसाहेब मला खुळ्यात काढत शांतपणे म्हणाले. "आजन्माची शपथ घेतलेला माणूस घरी जाईपर्यंत घाबरतो. घाबरला की पितो. आम्ही फक्त आजचा खाडा करतो. उद्या परत इथेच येऊन बसतो."

चपला आत का, तेही विचारलं. चपलेवरून गल्ली माणूस ओळखते, म्हणाले. मला पटलं नाही. पुढचे कित्येक दिवस मी समोरच्या पानपट्टीवर उभा राहून बाहेर पडणाऱ्यांची चाल बघत होतो. सगळे सरळ चालत होते. नरहररावसुद्धा.

छाननीच्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. मंडळ यांची हमी घेतं का? मी 'आजन्म' म्हणणार तेवढ्यात नरहररावच बोलले.

"साहेब, आज नागा आहे."

साहेब भडकले. "नागा कसला? समोर उभे आहात की हजर!"

"कामावर हजर आहे, साहेब. पिण्याचा नागा."

"आणि उद्या?"

"उद्या विचारा."

मी कपाळाला हात लावला. एक साधी शपथ घेतली असती तर नोकरी वाचली असती, असं मला तेव्हा वाटत होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढून यादी पुढे ओढली. शपथा घेणारे पाहिलेत, म्हणाले, असं सांगणारा पाहिला नव्हता. नाव वर पाठवतो, पण रोज सकाळी आधी माझ्या टेबलापाशी यायचं आणि सांगायचं.

नरहरराव अजून आबकारीत आहेत आणि रोज त्या टेबलापाशी जातात. खात्याच्या ढोंगाबद्दल माझं मत बदललेलं नाही. मंडळाबद्दल मात्र बदललं. पिणाऱ्याची खरी अडचण दिवे लागायच्या वेळी सुरू होते, आणि त्या वेळी आमच्या ऑफिसला कुलूप असतं.